झीबेनगेबिर्गेची एका दिवसाची वर्तुळाकार पदभ्रमंती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही डोंगररांग नेमकी कुठे आहे, आणि तिच्या नावाचा अर्थ काय?

पश्चिम जर्मनीत बॉन शहराच्या आग्नेयेला, र्‍हाइन नदीच्या उजव्या काठावर झीबेनगेबिर्गे नावाचा जंगलाने झाकलेला डोंगरांचा पुंजका आहे. नावाचा सरळ अर्थ ‘सात डोंगर’ असा होत असला, तरी येथे लहानमोठ्या चाळीसहून अधिक टेकड्या आहेत. नदीकडून पाहताना ठळकपणे उठून दिसणाऱ्या शिखरांवरून हे नाव पडले असे काही जण मानतात, तर काहींच्या मते ते पाणथळ ओहोळांसाठी असलेल्या एका जुन्या स्थानिक शब्दावरून आले आहे. सर्वांत उंच ग्रोसर ओलबेर्ग 460 मीटरचा, त्याखालोखाल लोवेनबुर्ग 455 मीटरचा, आणि सर्वांत प्रसिद्ध ड्राखेनफेल्स केवळ 321 मीटरचा आहे. कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे हे लक्षात ठेवून हे आकडे वाचणाऱ्याला हसू येईल. पण येथे र्‍हाइनचे पात्र समुद्रसपाटीपासून जेमतेम पन्नास मीटरवर आहे, आणि ही फेरी त्या पातळीजवळून सुरू होऊन चार वेळा वर चढते व चार वेळा खाली उतरते. दिवसाच्या शेवटी पायांना हसू येत नाही.

फेरीचा मार्ग कसा आहे?

सुरुवात आणि शेवट दोन्ही र्‍हाइनकाठच्या क्योनिग्सविंटर या गावी होतात. तेथून ड्राखेनफेल्सचा माथा गाठावा, मागच्या बाजूने उतरून मिल्शहॉइसशेन या जंगलातल्या जुन्या उपाहारगृहाशी यावे, मग पूर्वेकडे वळून लोवेनबुर्गच्या भग्न किल्ल्यावर चढावे. तेथून लोरबेर्गच्या कुशीतून मार्गारेटेनहोहे या खिंडीत उतरून डांबरी रस्ता ओलांडावा आणि ओलबेर्ग चढावा. ओलबेर्गवरून वायव्येकडे उतरताना श्टेन्झेलबेर्गची जुनी खाण लागते, पुढे हाइस्टरबाखचा भग्न मठ येतो, आणि शेवटी पेटर्सबेर्गचा चढ चढून पलीकडच्या पायऱ्यांच्या वाटेने पुन्हा क्योनिग्सविंटरमध्ये उतरता येते. एकूण अंतर साधारण वीस-एकवीस किलोमीटर आणि सगळे चढ मिळून साडेआठशे ते नऊशे मीटर भरतात. थांबे धरून सात-आठ तास हाताशी ठेवावेत.

इतके चालायचे नसेल, तर मिल्शहॉइसशेनपासून लोवेनबुर्गकडे न वळता थेट पेटर्सबेर्गकडे जावे. फेरी निम्म्यावर येते आणि अर्ध्या दिवसात पुरी होते. मात्र लोवेनबुर्ग आणि ओलबेर्ग यांच्यामधला पट्टा सर्वांत शांत आणि सर्वांत दाट झाडीचा आहे, त्यामुळे शक्य असेल त्याने पूर्ण फेरीच करावी असे माझे मत आहे.

कोणत्या दिशेने जाणे चांगले?

मी नेहमी ड्राखेनफेल्सपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरतो, आणि तेही सकाळी लवकर. या डोंगरावर 1883 पासून दातेरी रुळांची गाडी धावते. सुमारे दीड किलोमीटर लांबीचा हा मार्ग काही ठिकाणी शंभर मीटरला वीस मीटर इतका चढतो, आणि आजही चालू असलेल्या जर्मनीतल्या अशा गाड्यांमध्ये ती सर्वांत जुनी आहे. दुपारी ती गाडी भरभरून माणसे वर आणते आणि माथ्यावर उभे राहायला जागा उरत नाही. सकाळी गाडी सुरू होण्याआधी पोहोचलात, तर भग्न बुरूज, खाली नदीतली दोन बेटे आणि पाण्यावरचे धुके हे सारे तुमच्या एकट्याचे असते. दुसरे कारण पायांचे आहे: ड्राखेनफेल्सची चढण सर्वांत सलग आणि दमवणारी आहे, ती ताज्या पायांनी केलेली बरी. उलट दिशेने जाणारे लोक दिवसभर चालून थकल्यावर गर्दीत शिरतात, आणि ड्राखेनफेल्स आवडला नाही असे सांगत घरी जातात.

गाडी नसेल तर तेथे कसे पोहोचायचे?

गाडीची गरजच नाही. बॉनच्या मुख्य स्थानकावरून 66 क्रमांकाची शहरी रेल्वे नदी ओलांडून क्योनिग्सविंटरला जाते आणि पुढे बाड होनेफला संपते. कोलोनहून येणाऱ्यांसाठी उजव्या काठाने धावणाऱ्या प्रादेशिक रेल्वेगाड्या क्योनिग्सविंटरच्या स्थानकावर थांबतात. महिन्याभराचे ‘डॉइचलांडटिकेट’ या दोन्हींवर चालते. ते लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही, हे नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. परतीच्या गाड्यांची वेळ सकाळीच पाहून ठेवावी, कारण रविवारी आणि रुळांच्या दुरुस्तीच्या काळात वेळापत्रक बदलते.

वाट चुकण्याची भीती कितपत आहे?

सह्याद्रीत वाट विचारायला गुराखी भेटतो, धनगरवाडा भेटतो. येथे माणसाऐवजी झाडे सांगतात. वळणावरच्या बीच या झाडाच्या गुळगुळीत, राखाडी बुंध्यावर डोळ्यांच्या उंचीवर हाताच्या तळव्याएवढी खूण रंगवलेली किंवा ठोकलेली असते, आणि प्रत्येक मार्गाची खूण वेगळी असते. निळ्या चौकोनातले पांढरे, वळणदार ‘आर’ अक्षर म्हणजे र्‍हाइनश्टाइग. बॉनपासून वीसबाडेनपर्यंत सुमारे 320 किलोमीटरचा हा लांब मार्ग 2005 मध्ये खुला झाला आणि आपल्या फेरीचा काही भाग त्याच्यावरून जातो. पण काहीच भाग, ही अडचण आहे: र्‍हाइनश्टाइग ओलबेर्गवर जात नाही. केवळ त्या खुणेच्या मागे चालणारा माणूस ड्राखेनफेल्सवरून र्‍योनडॉर्फ गावात उतरतो आणि मग नकाशा उघडतो. म्हणून चौकातल्या दिशादर्शक पाट्यांवरची ठिकाणांची नावे आणि अंतरे वाचावीत, आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावा, कारण घळींमध्ये फोनला संपर्क मिळतोच असे नाही.

खूण वाचण्याची सवय लागायला एक तास लागतो. सरळ वाटेवर खुणा विरळ असतात आणि फाट्यावर दाट. फाटा ओलांडून तीनशे-चारशे पावले गेल्यावरही पुढची खूण दिसली नाही, तर पुढे रेटत न जाता फाट्याशी परत यावे. मागे वळून झाडाची दुसरी बाजूही पाहावी, कारण उलट दिशेने येणाऱ्यांसाठीची खूण तिथे असते आणि तिच्यावरून आपण योग्य वाटेवर आहोत की नाही हे कळते.

हे डोंगर ज्वालामुखीतून तयार झाले असे म्हणतात. ते सह्याद्रीसारखेच आहेत का?

दोन्ही ज्वालामुखीचेच, पण घडण अगदी वेगळी. आपल्या दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा थरावर थर पसरत गेला. म्हणून सह्याद्रीचे कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. झीबेनगेबिर्गे सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी घडू लागले. तेथे आधी ज्वालामुखीच्या राखेचा जाड थर साचला, मग त्या राखेत खालून शिलारस घुसला आणि बराचसा आतच थिजला. पुढे पावसापाण्याने मऊ राख धुपून गेली आणि कठीण गाभे घुमटांसारखे उघडे पडले. म्हणूनच हे डोंगर एकाच रांगेत नसून सुटेसुटे आणि गोलसर आहेत.

गंमत अशी की शेजारशेजारचे डोंगर वेगवेगळ्या खडकांचे आहेत. ओलबेर्ग आणि पेटर्सबेर्ग बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या ओळखीच्या काळ्या कातळाचे. ड्राखेनफेल्स मात्र ट्रॅकाइट नावाच्या फिकट करड्या खडकाचा आहे. माथ्याजवळच्या भिंतीपाशी थांबून दगडाला डोळा लावून पाहावे: करड्या पिठात फळ्यांसारखे चपटे, काचेसारखे चमकणारे स्फटिक रुतलेले दिसतात, काही तर बोटाएवढे लांब. ते सॅनिडिन या खनिजाचे आहेत. हा दगड मध्ययुगात बोटींवर लादून र्‍हाइनमधून खाली कोलोनला नेला जाई आणि 1248 मध्ये पायाभरणी झालेल्या तिथल्या कॅथेड्रलसाठी वापरला जाई. कोलोनला गेलात, तर कॅथेड्रलच्या जुन्या भागातल्या दगडांवर हेच चपटे स्फटिक शोधा. ऊनपावसाने ते सुटून पडतात आणि दगडावर त्यांच्या आकाराचे खळगे राहतात.

एवढा दगड काढला गेला, तरी डोंगर शिल्लक कसे राहिले?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण या फेरीतली प्रत्येक पायवाट त्याच्या उत्तराशी जोडलेली आहे. कोलोनच्या आर्चबिशपने बाराव्या शतकात बांधलेला ड्राखेनफेल्सचा किल्ला तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात, 1634 मध्ये निकामी करण्यात आला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणकाम थेट त्याच्या भिंतींखाली पोहोचले आणि 1828 मध्ये भग्नावशेषाचा एक भाग कोसळला. लोकांत संताप उसळला, काम थांबवण्यात आले, आणि 1836 मध्ये प्रशिया या तत्कालीन जर्मन राज्याच्या सरकारने माथा विकत घेऊन टाकला. जर्मनीत निसर्गरक्षणासाठी राज्यसंस्थेने उचललेल्या पहिल्या पावलांमध्ये ही खरेदी गणली जाते.

पण तेवढ्याने भागले नाही. शेजारचे डोंगर खासगी मालकीचे होते आणि तेथे सुरुंग लागतच होते. 1869 मध्ये नागरिकांनी स्थापन केलेल्या ‘फेरश्योनरुंग्सफेराइन’ या मंडळाने जमिनी विकत घेणे, वाटा आखणे, बाके आणि निवारे बांधणे हे काम हाती घेतले, आणि ते मंडळ आजही चालू आहे. ज्या बाकावर बसून आपण डबा उघडतो, तो बहुधा त्यांनीच ठेवलेला असतो. 1971 मध्ये या प्रदेशाला युरोप परिषदेचे निसर्गरक्षणाचे मानपत्र मिळाले. पुढे येथे राष्ट्रीय उद्यान करण्याची योजना आली, तेव्हा 2009 मध्ये बाड होनेफच्या नागरिकांनी मतदान करून ती नाकारली. त्या निकालाबद्दल आजही स्थानिकांत दोन मते ऐकू येतात. दोन्ही बाजूंचे लोक मात्र याच वाटांवर चालताना भेटतात, हे मी पाहिले आहे.

डोंगर भाजून-फोडून खडी होताना पाहत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हा इतिहास लांबचा वाटणार नाही.

ड्राखेनफेल्सवर चढणाऱ्या वाटेला ‘गाढवांची वाट’ का म्हणतात?

कारण पर्यटकांना वर नेण्यासाठी गावात गाढवे पाळली जात. आज ती वाट रुंद आणि बऱ्याच अंशी फरसबंद आहे. मध्यावर 1882 ते 1884 मध्ये बांधलेला ड्राखेनबुर्ग हा महाल लागतो. त्याचे दिमाखदार मनोरे पाहून अनेक जण त्यालाच किल्ला समजतात, पण तो एका श्रीमंत गृहस्थाने बांधवलेला वाडा आहे. आत जायला तिकीट आहे. पूर्ण फेरी करायची असेल, तर महाल दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. ड्राखेनफेल्सच्या उतारावरून दगड सुटण्याच्या धोक्यामुळे येथली वाट काही वर्षे बंद होती. असा अडथळा पुन्हा दिसला, तर तो ओलांडू नये, पर्यायी वाट पाटीवर दिलेली असते.

जंगलात काय काय दिसते? काही ठिकाणी झाडे सगळी मेलेली का आहेत?

मूळचे जंगल मुख्यतः बीच आणि ओकचे आहे. एप्रिलच्या अखेरीस बीचला पालवी फुटते, तेव्हा पानांमधून येणारा उजेड इतका कोवळा हिरवा असतो की पहिल्यांदा पाहणारा माणूस आपोआप आवाज खाली आणतो. त्याच्या थोडे आधी ओलसर उतारांवर रानलसणाची पाने पसरतात आणि वाटेभर लसणाचा वास दरवळतो. ती तोडू नयेत. हे संरक्षित क्षेत्र आहे, शिवाय तशाच दिसणाऱ्या काही विषारी वनस्पती आहेत. पावसानंतर वाटेवर काळ्या अंगावर पिवळे ठिपके असलेला सॅलमँडर हा पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी संथपणे सरकताना दिसतो. त्याला हात लावू नये, त्याच्या त्वचेतून दाह करणारा स्राव येतो.

मेलेली झाडे बहुतेक स्प्रूसची आहेत. इमारती लाकडासाठी ही सूचिपर्णी झाडे माणसांनी लावली होती. 2018 पासूनच्या सलग कोरड्या उन्हाळ्यांनी ती अशक्त झाली आणि सालीखाली पोखरणाऱ्या भुंग्यांनी त्यांचा फडशा पाडला. निरोगी स्प्रूस डिंक सोडून भुंग्याला बाहेर ढकलते. पाण्याअभावी डिंकच कमी पडला. मोकळ्या झालेल्या उतारांवर आता भूर्ज आणि इतर झाडांची रोपे आपोआप वर येत आहेत. वादळानंतरचे एक-दोन दिवस अशा पट्ट्यांत जाऊ नये, कारण वाळलेल्या फांद्या वारा थांबल्यावरही पडतात.

वाटेत खायला काय मिळेल? शाकाहारी माणसाची सोय होते का?

ड्राखेनफेल्सच्या माथ्याजवळ, मिल्शहॉइसशेन, लोवेनबुर्गच्या पायथ्याशी, मार्गारेटेनहोहे आणि ओलबेर्गवर खाण्यापिण्याची ठिकाणे आहेत, पण आठवड्यातला एखादा दिवस, बहुधा सोमवार किंवा मंगळवार, बंद असतो, आणि हिवाळ्यात वेळा कमी होतात. एका नोव्हेंबरमध्ये आम्ही पाच जण गरम सूपाच्या भरवशावर डबा न घेता निघालो आणि दाराला कुलूप पाहून ओलबेर्गपर्यंत दोन सफरचंदे वाटून खात गेलो. तेव्हापासून डबा चुकत नाही. दशम्या, धपाटे किंवा थालीपीठ, सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ हे या हवेत दिवसभर उत्तम टिकते.

शाकाहारींनी एक गोष्ट आवर्जून विचारावी. वाटाण्याचे किंवा मसुराचे सूप नावावरून निर्धोक वाटते, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा सॉसेज असते. ‘ओहने फ्लाइश’, म्हणजे मांसाविना, एवढे विचारून न थांबता ‘ओहने श्पेक’, म्हणजे डुकराच्या चरबीच्या तुकड्यांविना, असेही विचारावे. सफरचंदाचा केक मात्र बहुतेक ठिकाणी मिळतो. रोख पैसे जवळ ठेवावेत. ओढ्याचे पाणी पिऊ नये. माणशी दोन लिटर पाणी खालूनच भरून घ्यावे.

कोणता ऋतू उत्तम? कपडे आणि बूट कसे असावेत?

मे आणि ऑक्टोबर. मे महिन्यात उजेड रात्री नऊपर्यंत असतो. ऑक्टोबरमध्ये बीचची पाने तांबूस-सोनेरी होतात, पण तेव्हाच वाट सर्वांत घसरडी असते, कारण ओल्या पानांखाली बेसॉल्टचे दगड लपतात. ओलबेर्गच्या उतारावर मी असाच बसकण मारून घसरलो आणि मनगट आठवडाभर सुजले; म्हणून खोल नक्षीच्या तळव्याचे बूट हवेत, धावण्याचे गुळगुळीत बूट नकोत. डिसेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा छोटी फेरीच करावी आणि डोक्याला बांधायची विजेरी जवळ ठेवावी. पावसाचे जाकीट बारा महिने पिशवीत असावे.

गोचीड, प्राणी, अपघात : धोके कोणते?

खरा धोका गोचिडीचा. वसंतापासून शरदापर्यंत ती गवतात आणि झुडपांवर असते, आणि तिच्या चाव्यातून बोरेलिओसिस हा जिवाणूजन्य आजार होऊ शकतो. पायजमा मोज्यात खोचावा, वाटेच्या मधोमध चालावे, आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत आणि केसांच्या कडेने नीट तपासावे. चिकटलेली गोचीड तेल किंवा क्रीम न लावता चिमट्याने त्वचेलगत धरून सावकाश ओढावी. औषधाच्या दुकानात त्यासाठी खास चिमटे मिळतात. पुढच्या दिवसांत किंवा आठवड्यांत तेथे पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. वेळेवर प्रतिजैविके घेतली की हा आजार बरा होतो.

रानडुकरे आहेत, पण ती माणसाला टाळतात. शरद ऋतूत शिकारीसाठी किंवा लाकूडतोडीसाठी वाट बंद केल्याची पाटी दिसली, तर मागे फिरावे. मदत लागल्यास 112 हा क्रमांक लावावा आणि जवळच्या बचाव-बिंदूच्या पाटीवरचा क्रमांक सांगावा. त्यामुळे रुग्णवाहिका नेमक्या फाट्यावर पोहोचते. जंगलात कोणत्या पाट्या लागून गेल्या, हे चालतानाच बघत जाण्याची सवय यासाठी उपयोगी पडते.

नियम काय आहेत?

आखलेली वाट सोडू नये. कुत्रा दोरीने बांधलेला असावा. शेकोटी पेटवू नये, ड्रोन उडवू नये, फुले तोडू नयेत. नॉर्थ र्‍हाइन-वेस्टफालिया या इथल्या राज्यात 1 मार्च ते 31 ऑक्टोबर या काळात जंगलात धूम्रपानालाही कायद्याने बंदी आहे. स्पीकरवर गाणी लावण्याची सवय असलेल्या मंडळींनी ती घरी ठेवावी. येथे समोरून येणारा अनोळखी माणूस ‘हालो’ किंवा ‘मॉर्गन’ म्हणतो, आणि उत्तर देणे ही रीत आहे.

हाइस्टरबाखला थांबण्यासारखे काय आहे?

ओलबेर्गच्या उंचीवरून उतरून दरीत आलो की झाडांमधून अचानक एक अर्धगोलाकार दगडी कमानींचा तुकडा दिसतो. 1189 मध्ये सिस्टर्शियन पंथाचे साधू प्रथम पेटर्सबेर्गवर आले आणि तीन वर्षांनी या दरीत स्थिरावले. 1237 मध्ये पुरे झालेले त्यांचे चर्च र्‍हाइनलँडमधल्या सर्वांत मोठ्या चर्चपैकी एक होते. 1803 मध्ये मठ बरखास्त झाला आणि 1809 पासून इमारतीचे दगड एका कालव्याच्या बांधकामासाठी विकले गेले. उरला तो केवळ गर्भगृहाचा अर्धगोल. ड्राखेनफेल्सचा दगड चर्च उभारायला गेला आणि येथल्या चर्चचा दगड कालव्यात गेला, हे एकाच दिवसात दोन्ही ठिकाणी उभे राहून पाहताना मन जड होते.

येथली एक दंतकथा जर्मन मुलांना ठाऊक असते. देवाला हजार वर्षे एका दिवसासारखी कशी, या विचारात एक तरुण साधू जंगलात फिरत गेला आणि झाडाखाली झोपी गेला. संध्याकाळच्या घंटेने जागा होऊन मठात परतला, तर एकही चेहरा ओळखीचा नव्हता. मठाच्या वहीत तीनशे वर्षांपूर्वी हरवलेल्या एका साधूची नोंद होती, ती त्याचीच होती.

शेवटचा पेटर्सबेर्ग टाळला तर चालेल का?

पाय दुखत असतील, तर हाइस्टरबाखहून बसने परतता येते. पण शक्य असेल, तर टाळू नका. माथ्यावर आता मोठे हॉटेल आहे. 1949 ते 1952 या काळात येथे युद्धोत्तर पश्चिम जर्मनीवर देखरेख ठेवणाऱ्या दोस्तराष्ट्रांच्या उच्चायुक्तांचे कार्यालय होते, आणि 2001 मध्ये अफगाणिस्तानच्या भवितव्याविषयीची परिषद येथेच भरली. हॉटेलशेजारी एक लहान जुने चॅपेल आहे. तेथील कठड्यापाशी संध्याकाळी उभे राहिले, की सकाळी जिथून सुरुवात केली तो ड्राखेनफेल्स बाजूने दिसतो आणि खाली मालवाहू नौका इतक्या सावकाश जातात की त्या पुढे सरकताहेत हे पाण्यावरच्या रेघेवरूनच कळते.

उतरण्यासाठी ‘बिटवेग’ ही जुनी यात्रेकरूंची वाट घ्यावी. ती दगडी क्रूसांच्या बाजूने जंगलातून क्योनिग्सविंटरकडे उतरते. पायऱ्या झिजलेल्या आणि उंच-सखल आहेत, गुडघे दुखत असतील तर काठी हाताशी असू द्यावी. खाली घरांची पहिली ओळ लागली की स्थानक तेथून पायी फार दूर नाही.